गाडी, रेल्वे की विमान : ठरवतं कोण?

11 डिसेंबर 2022. रविवारची सकाळ. नागपूर स्टेशनात बिलासपूरच्या वंदे भारतला हिरवा झेंडा दाखवला गेला. पाठोपाठ समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा पहिला टप्पा खुला झाला, आणि त्याच दिवशी गोव्यात मोपा विमानतळाचंही उद्घाटन उरकलं. तिन्ही कार्यक्रम पंतप्रधानांच्याच हस्ते. रूळ, रस्ता आणि धावपट्टी एकाच दिवसात पदरात पडल्यावर लांबच्या प्रवासाला निघणाऱ्याने आता निवांत निवड करावी, अशी अपेक्षा साहजिक होती. निवड होतेही आहे. फक्त ती ज्या कारणांनी होते, ती तास आणि वेग यांच्या जाहिरातीत क्वचितच सापडतात.

लग्नाच्या पंगतीत हा विषय निघाला की प्रत्येकाची बाजू ठरलेली असते. एकाला विमानाशिवाय दुसरं काही परवडत नाही, म्हणजे वेळ परवडत नाही. दुसरा रेल्वेच्या खिडकीवर फिदा. तिसऱ्याच्या मते स्वतःची गाडी असताना परक्याच्या वेळापत्रकावर जगायचंच कशाला? तिघेही अगदी मनापासून बोलतात. पण याच तिघांचा वर्षभराचा प्रवास पाहिला तर विमानवाला गणपतीला कुटुंबासह गाडीने कोकणात जातो, रेल्वेचा भक्त ऑफिसच्या कामाला विमानाने दिल्ली गाठतो आणि गाडीवाला आईला घेऊन शेगावला जाताना रात्रीच्या रेल्वेची खालची बर्थ शोधत बसतो. सामान किती आहे, सोबत कोण आहे आणि प्रवासाच्या दोन्ही टोकांना घरापर्यंतचे वीस-पंचवीस किलोमीटर कसे कापायचे, एवढ्या तीन गोष्टींवर बहुतेक वेळा निकाल लागतो. आवडीची पाळी त्यानंतर येते. आणि त्याही आधी एक प्रश्न असतो : तिकीट मिळतंय का?

मुंबई-नागपूर हा मार्ग त्यासाठी नीट पाहण्यासारखा आहे, कारण राज्यातल्या राज्यात एवढी लांबची आणि तिन्ही साधनांची खरी चुरस असलेली अंतरं फारशी नाहीत. रेल्वेने 837 किलोमीटर. विदर्भ एक्स्प्रेस संध्याकाळी निघून चौदा तासांच्या आसपास घेते, दुरांतो अकरा. विमान दीड तासात पोचवतं. समृद्धी 701 किलोमीटरचा. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा 76 किलोमीटरचा तुकडा 5 जून 2025ला सुरू झाला आणि आठ तासांत नागपूर हे कागदावरचं वचन पुरं झालं.

कागदावरचं अशासाठी की आमणे म्हणजे मुंबई नव्हे. ते भिवंडीजवळ आहे. सात तास गाडी 120च्या मर्यादेत सुसाट आलेला माणूस संध्याकाळी तिथे उतरतो आणि भिवंडी-ठाण्याच्या कंटेनरांच्या रांगेत उभा राहतो. तिकडे विमानाचा दीड तासही असाच फसवा. काउंटर तासभर आधी बंद होतो, म्हणून दोन तास आधी पोचायचं. अंधेरीत राहणाऱ्याला ते जमून जातं आणि दारातून दारात साडेचार-पाच तासांत तो नागपूरच्या घरी चहा पीत असतो. सोनेगावचं विमानतळ शहरातच असल्याने उतरल्यावरची पायपीटही नाही. पण हाच प्रवासी कल्याणचा असेल तर? विमानतळ गाठायलाच त्याचे दीड-दोन तास जातात, आणि विदर्भ एक्स्प्रेस मात्र त्याच्या स्टेशनात थांबते. रात्री जेवून बसायचं, सकाळी नागपूर. अंधेरीकर आणि कल्याणकर यांच्या आवडीत फरक आहे असं आपण म्हणतो. फरक त्यांच्या पत्त्यात असतो.

विदर्भातल्या टोकालाही तेच. रेल्वे भुसावळ, शेगाव, अकोला, बडनेरा, वर्धा अशी जाते. समृद्धी छत्रपती संभाजीनगर, जालना, मेहकर, कारंजा असा वेगळ्याच रेषेने जातो. त्यामुळे मेहकरच्या माणसाला समृद्धीने जे दिलं ते त्याला रेल्वेने कधीच दिलं नव्हतं, कारण त्याच्या गावात रेल्वेच नाही. उलट अकोलेकराला रेल्वे सोडण्याचं तसं कारण नाही. (शेगावची कचोरीही रूळाच्याच बाजूला राहिली, हे समृद्धीने जाणाऱ्या खवय्यांचं जुनं दुखणं आहे. सुरुवातीच्या काळात त्या रस्त्यावर मैलोन् मैल धड चहाही मिळत नव्हता.)

पैशांचं गणित माणसांच्या संख्येवर पलटतं. समृद्धीवर 1 एप्रिल 2025 पासून मोटारीला किलोमीटरमागे 2 रुपये 6 पैसे टोल आहे; पूर्ण रस्त्याचे 1,445 रुपये. मुंबईतलं घर धरून साडेसातशे किलोमीटर, लिटरला पंधराचं ॲव्हरेज आणि 103-104 रुपयांचं पेट्रोल धरलं, तर इंधनाचे पाच हजार दोनशेच्या आसपास. एकट्याने जाणाऱ्याला हा साडेसहा हजारांहून जास्त खर्च विमानाच्या बऱ्याच तिकिटांपेक्षा महाग पडतो. चौघं असतील तर डोकी सोळाशे-सतराशे, म्हणजे रेल्वेच्या थ्री एसीशी स्पर्धा सुरू. पाचवा बसला की गाडी जिंकली. गाडीवाले मेंटेनन्स, टायरची झीज आणि स्वतःची मेहनत या हिशोबात कधीच धरत नाहीत, आणि धरायला सांगितलं तर त्यांना ते आवडत नाही.

पुणे आणि विदर्भ यांचं नातं आणखी निराळं. पुण्यात नोकरी-शिक्षणासाठी आलेली विदर्भातली तरुण मंडळी दिवाळीला घरी निघते तेव्हा रेल्वे केव्हाच भरलेली असते आणि उरते ती ट्रॅव्हल्स. खाजगी बसनी एसटीच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त घेऊ नये, असा शासन निर्णय 2018चा आहे. दिवाळीच्या आठवड्यात तो किती पाळला जातो हे तिकीट काढणाऱ्या कुणालाही विचारावं. या मार्गावर 10 ऑगस्ट 2025ला अजनी (नागपूर)-पुणे वंदे भारत सुरू झाली. अंतर 881 किलोमीटर, वेळ बारा तास. देशातली सर्वांत लांब पल्ल्याची वंदे भारत म्हणून तिचं कौतुक झालं, आणि इथेच खऱ्या आवडीनिवडीचा एक सुरेख नमुना पाहायला मिळतो. गाडी नवी, स्वच्छ, वेळेवर. पण दिवसाची आणि बसून जायची. ज्याला रात्री झोपून प्रवास उरकायचा आहे, त्याच्या दृष्टीने बारा तास खुर्चीत काढणं म्हणजे एक अख्खी सुट्टी फुकट घालवणं. ज्याला रात्रीच्या डब्यात डोळा लागत नाही, शेजारच्याच्या घोरण्याने जीव जातो, त्याला हीच गाडी वरदान. म्हणजे तास सारखेच असले तरी ते दिवसाचे की रात्रीचे यावरून माणसं दोन गटांत विभागली जातात. वयानुसार हे गट बदलतात, हेही खरं. पंचविशीत वरच्या बर्थवर चढून झोपणारा साठीत खालच्या बर्थसाठी टीसीपुढे अजिजी करतो.

सुरक्षिततेचा प्रश्न या चर्चेत हमखास येतो आणि हमखास उलटा मांडला जातो. 12 जून 2025ला अहमदाबादेत एअर इंडियाचं विमान कोसळलं, त्यातल्या 242 पैकी 241 जण गेले. त्यानंतर कित्येकांनी विमानाचा धसका घेतला. जून 2023मध्ये बालासोरला तीन गाड्यांचा अपघात होऊन तीनशेच्या आसपास माणसं दगावली, तेव्हा काही दिवस रेल्वेबद्दल तसंच झालं. पण भारतात 2022 या एका वर्षात रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली. रोजची सरासरी 462. हे आकडे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचे आहेत आणि ते वाचून कुणी गाडीची चावी खुंटीला टांगून ठेवल्याचं ऐकिवात नाही. स्टिअरिंग आपल्या हातात असलं की धोकाही आपल्या हातात आहे असं वाटतं. समृद्धीवर 1 जुलै 2023च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खाजगी बस दुभाजकाला धडकून पेटली आणि 25 प्रवासी गेले. त्या वर्षी या रस्त्यावर शिरतानाच गाड्यांचे टायर तपासायला सुरुवात झाली. तापलेल्या काँक्रीटवर झिजलेला टायर फुटणं आणि सरळसोट रस्त्यावर ड्रायव्हरचा डोळा लागणं ही तिथली दोन नेहमीची कारणं. घाटवळणांचा जुना रस्ता माणसाला जागं ठेवायचा. इथे जागं राहणं हीच मेहनत आहे.

कोकणात मात्र सगळीच सूत्रं बदलतात.

कोकण रेल्वे येण्याआधी मुंबईच्या चाकरमान्यापुढे बोट आणि एसटी असे दोनच पर्याय होते. बोटी बंद पडल्या. 26 जानेवारी 1998ला रोहा ते ठोकूर हा 741 किलोमीटरचा मार्ग पूर्ण खुला झाला आणि एका पिढीच्या सवयी बदलल्या. पण या मार्गाला एक भौगोलिक मर्यादा आहे. तो किनाऱ्यापासून आत, डोंगरांच्या पायथ्याने जातो आणि माणसांची गावं खाडीकाठी, समुद्राकडे. मालवणला जायचं तर कुडाळ किंवा कणकवलीला उतरा, गुहागरला जायचं तर चिपळूणला. कणकवलीला पहाटे तीनला उतरलेल्या कुटुंबाने चार पिशव्या, झोपलेलं पोर आणि गुडघेदुखीची आजी घेऊन पुढचे तीस-चाळीस किलोमीटर कसे जायचे? रिक्षावाला त्या वेळी जो आकडा सांगतो तो कधी कधी मुंबईहून आलेल्या रेल्वेच्या तिकिटापेक्षा मोठा असतो. रेल्वेवर लिहिणारे बोगदे, पूल आणि पनवलच्या उंच पुलाबद्दल भरभरून लिहितात. ही रिक्षा त्यांच्या नजरेतून सुटते.

मुंबईच्या टोकालाही रेल्वेने बराच काळ अर्ध्या शहराकडे पाठ फिरवली होती. कोकणातल्या गाड्या सीएसएमटी, दादर, एलटीटी, दिवा इथून सुटणार. बोरिवली, नालासोपारा, विरारला दाटीने राहणाऱ्या कोकणी माणसाने लोकलमधून सामान ओढत दादर गाठायचं. वांद्रे-मडगाव ही वसईमार्गे जाणारी गाडी सुरू व्हायला 29 ऑगस्ट 2024 उजाडावं लागलं, आणि तीही आठवड्यातून दोनदा.

आणि मग गणपती. आरक्षणाची मुदत 1 नोव्हेंबर 2024पासून 120 दिवसांवरून 60 दिवसांवर आली, तरी सकाळी आठचा सोहळा तसाच राहिला. सात पन्नासला घरातले दोन मोबाईल आणि एक लॅपटॉप मांडून ठेवायचे, प्रवाशांची यादी आधीच भरून ठेवायची, आठला एकदम बटण दाबायचं. पैसे खात्यातून जातात तोवर स्क्रीनवर वेटिंग उमटलेलं असतं, आणखी थोड्या वेळाने 'रिग्रेट'. रेल्वेने 2023मध्ये गणपतीच्या 305 विशेष फेऱ्या सोडल्या, 2024मध्ये 358, 2025मध्ये 380. एसटीच्या जादा गाड्या पाच हजारांच्या घरात. तरी मागणी पुरून उरते. अशा वेळी जो गाडी काढतो त्याला 'गाडीची आवड आहे' असं म्हणणं म्हणजे त्याची चेष्टाच.

कारण रस्ता काही आवडावा असा नाही. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचं काम 2011ला सुरू झालं. त्यानंतर निघालेल्या समृद्धीचे पूर्ण 701 किलोमीटर झाले, आणि इथे वर्षानुवर्षं गणपतीच्या तोंडावर खड्डे बुजवण्याच्या तारखा जाहीर होत राहिल्या. 2 ऑगस्ट 2016च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला, एसटीच्या दोन गाड्या वाहून गेल्या. गंमत अशी की त्या जागी नवा पूल 165 दिवसांत उभा राहिला. म्हणजे ठरवलं तर होतं. कशेडीच्या बोगद्याने एक अवघड घाट वाचवला खरा, पण अजूनही कित्येक सिंधुदुर्गकर सरळ रस्ता सोडून पुणे-कोल्हापूरमार्गे जातात आणि गगनबावडा, फोंडा किंवा आंबोलीने खाली उतरतात. अंतर वाढतं, कंबर वाचते.

इतकं असूनही गाडी का, याचं उत्तर परतीच्या आदल्या संध्याकाळी अंगणात मिळतं. डिकी उघडी असते. तळाला घरच्या तांदळाचं पोतं. त्यावर सोललेले नारळ. कोकमाच्या आगळाच्या बाटल्या जुन्या साडीच्या फडक्यात गुंडाळून कोपऱ्यात उभ्या, कारण आडव्या ठेवल्या तर खंबाटकीपर्यंत गळतात. कुळथाचं पीठ, काजू, तवसं, चिबूड, अळूची पानं, वाडीतल्या शेजारणीने ठाण्यातल्या लेकीसाठी दिलेली बांधून शिवलेली पिशवी. सगळं बसवून झाल्यावर कुणालातरी आठवतं की स्टेपनी या सगळ्याच्या खाली आहे. पंक्चर झालं तर भररस्त्यात पोतं उतरवावं लागणार, हे ठाऊक असूनही कुणी काही बाहेर काढत नाही. विमानात हाताशी सात आणि खाली पंधरा किलो. रेल्वेत स्लीपर आणि थ्री एसीला नियमाने चाळीस, व्यवहारात जेवढं सीटखाली सरकेल तेवढं. त्यातून विमानात नारळ हातातल्या सामानात चालत नाही. सुकं खोबरं तर पेट घेणारं म्हणून चेक-इनमध्येही नाही. शबरीमलाच्या यात्रेकरूंसाठी 2024-25च्या हंगामात तेवढ्यापुरती सवलत द्यावी लागली होती. कोकणी माणसाच्या परतीच्या प्रवासाला अशी सवलत कोण देणार!

याच पट्ट्यात विमानानेही नशीब अजमावून पाहिलं. चिपीचा विमानतळ 9 ऑक्टोबर 2021ला सुरू झाला, उडान योजनेतून मुंबईचं विमान लागलं, मालवणी माणसाने कौतुकाने फोटो काढले. तीन वर्षांची मुदत सरताच 2024च्या ऑक्टोबरात ती मुंबई सेवा बंद पडली. दरम्यान सीमेपलीकडे मोपा उभा राहिला होता, आणि बांदा-सावंतवाडीकरांसाठी तो जवळ. विमानं भरपूर, पर्याय भरपूर. उलट दक्षिण गोव्यात काणकोणला जाणाऱ्याला मोपावर उतरणं म्हणजे अख्खा गोवा पालथा घालणं. त्याला दाबोळी बरं, आणि रेल्वेने मडगाव त्याहून बरं. सीएसएमटी-मडगाव वंदे भारत 2023च्या जूनमध्ये आली, पहाटे निघून पावणेआठ तासांत पोचवू लागली. पावसाळ्यात मात्र कोकण रेल्वेचा वेग मुद्दाम कमी केला जातो, तेव्हा हीच गाडी दहा तास घेते आणि आठवड्यातून तीनच दिवस धावते. यामागे कारण आहे. 2003 आणि 2004च्या पावसाळ्यात वैभववाडी आणि करंजाडी इथे दरड आणि दगड रूळावर येऊन मोठे अपघात झाले होते.

उडान योजनेचा राज्यातला एकूण अनुभव असाच चढउताराचा. देशात 27 एप्रिल 2017ला ज्या पहिल्या मार्गांवर ती सुरू झाली त्यांत नांदेड-हैदराबाद होता. त्यानंतर अनेक ठिकाणी विमानं आली, गेली, पुन्हा आली. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची सेवा 16 एप्रिल 2025ला सुरू झाली. 1853 साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी सुटली तीही 16 एप्रिललाच. आठवड्यातून ठरावीक दिवसच उडणारं विमान मात्र रोजच्या रेल्वेशी स्पर्धा करू शकत नाही. बुधवारी सकाळी कोर्टात तारीख असलेल्या माणसाला शुक्रवारच्या विमानाचा उपयोग काय?

विमानाची भिस्त कशावर असते हे 2025च्या डिसेंबरात सगळ्या देशाने पाहिलं. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाले होते, इंडिगोचं नियोजन कोलमडलं आणि 5 डिसेंबरच्या एका दिवसात हजाराहून जास्त उड्डाणं रद्द झाली. देशांतर्गत प्रवाशांपैकी साठ टक्क्यांहून अधिक एकाच कंपनीच्या विमानांत बसत असल्याने इतरांकडे जागाच नव्हती. तिकिटं अस्मानाला भिडली, तेव्हा सरकारने भाड्याला मर्यादा घातली : 500 किलोमीटरपर्यंत साडेसात हजार, हजारपर्यंत बारा, दीड हजारपर्यंत पंधरा, त्यापुढे अठरा हजार. रेल्वेने 37 गाड्यांना 116 जादा डबे जोडले. वर्षानुवर्षं रेल्वेकडे न फिरकलेली कित्येक माणसं त्या आठवड्यात तत्काळच्या रांगेत सापडली, आणि तत्काळला आता आधार जोडावं लागतं ही बातमी त्यांना तिथेच कळली.

वयाचा मुद्दा आवडीपेक्षा सवलतींतून जास्त ठरतो. रेल्वेत पुरुषांना साठीनंतर 40 टक्के आणि बायकांना अठ्ठावन्नपासून 50 टक्के सूट होती. मार्च 2020मध्ये ती थांबली आणि परत आली नाही. एसटीने उलटी वाट धरली. ऑगस्ट 2022पासून पंचाहत्तरीपुढच्यांना मोफत, मार्च 2023पासून सर्व बायकांना अर्धं तिकीट. परिणाम कुठल्याही डेपोत दिसतो. ज्या आजीबाईंना पूर्वी कुणीतरी रेल्वेत बसवून द्यायचं, त्या आता दोन मैत्रिणींसह एसटीने पंढरपूर-तुळजापूर करून येतात. लांबच्या रात्रीच्या प्रवासाला मात्र रेल्वेचं एक बलस्थान कुणी हिरावू शकलेलं नाही : डब्यात शौचालय आहे. मधुमेहाचा पेशंट, गरोदर बाई, लहान मूल यांच्यासाठी हा मुद्दा वेगापेक्षा आणि भाड्यापेक्षा मोठा असतो. महामार्गावर बायकांना गाडी कुठे थांबवायची हा प्रश्न सतावतो तो गाडी चालवणाऱ्या पुरुषाच्या लक्षातही येत नाही. शिवाय घाटात गाडी लागणाऱ्यांची मोठी जमात आहे. आलेपाकाच्या वड्या खिशात घेऊन फिरणाऱ्या या मंडळींना महामार्ग कितीही रुंद झाला तरी रूळच प्रिय.

रेल्वे जिंकते ती कुठे, याची कसोटी परदेशात बऱ्यापैकी स्पष्ट झाली आहे. टोकियो ते ओसाका 515 किलोमीटर. 1964पासून शिंकानसेन धावते, आज अडीच तासांच्या आत पोचवते आणि त्या मार्गावर विमान दुय्यम आहे. तीच शिंकानसेन टोकियोहून फुकुओकाला पाच तास घेते, तिथे जपानी माणूस विमान पकडतो. माद्रिद-बार्सिलोना मार्गावर 2008ला वेगवान रेल्वे आली आणि एकेकाळच्या गजबजलेल्या विमानफेऱ्या ओसरल्या. फ्रान्सने तर 2023मध्ये कायद्यानेच पॅरिसच्या ओर्ली विमानतळावरून नांत, लियाँ आणि बोर्दोची विमानं बंद केली, कारण तिथे रेल्वे अडीच तासांच्या आत नेते. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांची गोष्ट निराळी. ईशान्येकडचा पट्टा सोडला तर रेल्वे हा पर्याय त्यांच्या डोक्यातही येत नाही, पाच-सहाशे किलोमीटर म्हणजे पोळीभाजीचे डबे भरून गाडी काढायचं अंतर. अडीच-तीन तासांची ही रेघ आपल्याकडे मुंबई-पुण्याला लागू पडते. 1 जून 1930ला सुरू झालेली दख्खनची राणी आजही पासवाल्यांनी भरलेली असते, तिच्या डायनिंग कारचं कौतुक अजून संपत नाही. त्याच वेळी 2002पासून पूर्ण झालेला द्रुतगती मार्ग गाड्यांनी ओसंडतो. लांब शनिवार-रविवार आला की खंडाळ्याच्या घाटातल्या रांगेत अडकलेल्यांना खालून जाणारी इंटरसिटी दिसते.

हजार किलोमीटरपुढे चुरस जवळजवळ संपते. 1972च्या मे महिन्यात मुंबई-दिल्ली राजधानी सुरू झाली तेव्हा ती प्रतिष्ठेची गाडी होती. आज साडेपंधरा तासांची ती रात्र विमानाच्या दोन तासांपुढे टिकते ती ठरावीक माणसांसाठी. 2016च्या सप्टेंबरात राजधानी, शताब्दी, दुरांतोला फ्लेक्सी भाडं लागलं, जागा भरत जातील तसं मूळ भाडं दीडपटीपर्यंत चढू लागलं आणि स्वस्ताईचा मुद्दाही बऱ्याच दिवशी निकालात निघाला. तरी अशी माणसं आहेत जी आजही राजधानीच पकडतात. निवृत्त फौजी, पुस्तक वाचत जाणारे प्राध्यापक, विमानात कान दुखणारे. दुसरं साधन परवडत असून, मिळत असून जे हे करतात, खरी आवड त्यांची म्हणावी.

गाडी आणि रेल्वे यांची सांगड घालण्याचा प्रयोग कोकण रेल्वेने केला आहे. मालट्रक वॅगनवर चढवून नेण्याची रो-रो सेवा तिथे 1999पासून आहे. 2025च्या गणपतीला, 23 ऑगस्टपासून, तीच सोय मोटारींना दिली : कोलाड ते वेर्णा, एका फेरीत चाळीस गाड्या, गाडीमागे 7,875 रुपये. कल्पना झकास होती. गावात फिरायला गाडी हवी, पण महामार्गावर चालवायला नको, असं म्हणणारे प्रत्येक कोकणी घरात आहेत. प्रतिसाद मात्र थंड आला. मुंबईहून कोलाडपर्यंत खड्ड्यांतून स्वतःच चालवत जायचं, तीन तास आधी हजर राहायचं, मग बारा तासांचा प्रवास. आणि बहुतेकांना जायचं सिंधुदुर्गात तर ही पोचवणार गोव्यात. नांदगाव रोडला गाडी उतरवायची सोय पुढे झाली. तरी गाडीमागे तिघांनाच सोबतच्या डब्यात जागा, तीही वेगळं तिकीट काढून. पाच जणांच्या घरातल्या आजी-आजोबांनी दुसऱ्या रेल्वेने जायचं ठरवलं, तर तिचं आरक्षण साठ दिवस आधीच सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी संपलेलं असतं.